वाकडं अंगण

नाचता येईना, अंगण वाकडं. ही म्हण दर वेळी नाचणारीवरच उलटते. अंगणाची चौकशी कुणी करत नाही. पण ते खरोखरच वाकडं असलं तर? पाणसळ लावून बघितलंय कुणी?

आजोळी, कोकणात, पाऊस सरला की अंगण नव्यानं घालायचे. गवत खरवडायचं, माती पसरायची, पाणी मारायचं आणि मग लाकडी चोपण्यानं ती बडवत बसायचं. वरून शेणाचं सारवण. मामा उकिडवा बसून मागे मागे सरकत चोपायचा आणि मधेच उठून एक डोळा मिटून जमिनीकडे बघायचा. मला वाटायचं, सपाट झालंय का ते बघतोय. तो बघायचा उतार. अवकाळी सर आली तर पाणी पायरीशी तुंबता कामा नये, सरळ माडांच्या आळ्यांत गेलं पाहिजे. म्हणजे चांगलं अंगण जरासं वाकडंच असतं, आणि ते वाकडेपण घाम गाळून आणलेलं असतं. ही म्हण काढणाऱ्यानं जन्मात अंगण चोपलेलं नसणार.

व्हिडिओ गेमला कला म्हणावं की नाही, हा प्रश्न हल्ली पाठ सोडत नाही, आणि त्याच्याशी झटताना मी दर वेळी मामाच्या उतारापाशी येऊन थांबते. गेम करणारा स्वतः नाचत नाही. तो अंगण घालून देतो. नाचायचं आपण.

लुकास पोप या माणसानं २०१३ साली ‘पेपर्स, प्लीज’ नावाचा गेम काढला. त्यात आपण एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून. रांगेतला माणूस पुढे येतो, पासपोर्ट आणि परवाने सरकवतो, आपण तारखा, फोटो, शिक्के ताडून हिरवा किंवा लाल ठप्पा मारायचा. बिनचूक निकाल लावलेल्या माणसामागे पाच नाणी. संध्याकाळी त्यातूनच भाडं, जेवण, शेगडीचा खर्च; घरी बायको, मुलगा, सासू, मामा. टेबल इतकं चिंचोळं की कागद एकमेकांवर चढतात, हवा तोच खाली दडतो, आणि घड्याळ पुढे जात राहतं. एके दिवशी एक नवरा येतो. त्याचे कागद चोख. जाता जाता म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती येते तर प्रवेशाचा परवानाच नाही. परत पाठवलंत तर मारतील मला, म्हणते. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद असते, पैसे कापत नाहीत. मला तेव्हा दयेच्या आधी सुचलं ते हे, की आजची ताकीद अजून शिल्लक आहे का. असा हिशेब माझ्याकडून करवून घेणारी कादंबरी मी वाचलेली नाही. कादंबरीत तो कारकून दुसरा कुणीतरी असतो. इथे टेबल मुद्दाम चिंचोळं केलेलं होतं आणि मी त्या उतारावरून बरोबर पोपला हव्या त्या बाजूला वाहत गेले.

मग कलावंत कोण? अमेरिकेतले चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांनी २०१० साली लिहिलं होतं की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत. गेम जिंकता येतो, कलाकृती फक्त अनुभवता येते. चाहते तुटून पडले. काही महिन्यांनी त्यांनीच कबूल केलं की गेमशी पुरेशी ओळख नसताना हे लिहायला नको होतं. मूळ मत मात्र सोडलं नाही. मला ही ऐट आवडते. पण जिंकण्याचं म्हणाल तर टेट्रिस घ्या. अलेक्सेई पाजितनोव्हनं तो १९८४ मध्ये मॉस्कोत केला, आणि त्यात जिंकणं ठेवलेलंच नाही, फक्त किती उशिरा हरायचं एवढंच. २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा टेट्रिसच्या जुन्या निन्टेंडो आवृत्तीत इतका पुढे गेला की गेमच गोठला. माणसाच्या हातून हे पहिल्यांदाच झालं. नाच संपायच्या आत अंगण संपलं. यात दाद कुणाला द्यायची, ते मला आजही ठरवता येत नाही.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. पॅक-मॅन होता, टेट्रिस होता. त्यांतले छोटे गेम प्रेक्षकांना खेळू द्यायचे आणि फार पसरलेल्यांची नुसती सफर दाखवायची, असं ठरलं. सफर! इथे मला सावंतवाडीचा गंजिफा आठवतो.

सावंतवाडीच्या राजवाड्यात अजूनही हे गोल पत्ते हातानं रंगवतात. दशावतारी संचात १२० पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. कासवं, वराह, परशुरामाच्या कुऱ्हाडी, सगळं केसाएवढ्या रेषेत. माझ्याकडे त्यातले काही पत्ते काचेच्या चौकटीत आहेत. आलेगेले थांबून बघतात, काय कला आहे म्हणतात. खेळतात कसं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. आणि खेळ तर विलक्षण आहे. दिवसा बसलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री बसलात तर कृष्णाच्या राजाची. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. म्हणजे हातात दश्शी आली तर खूश व्हायचं की नाही, हे अवतारावर अवलंबून. डोकं सतत उलटंसुलटं करावं लागतं. हा उतार कुणीतरी, कधीतरी, एक डोळा मिटून बेतला असेल. माझ्या चौकटीत तो कुठेच दिसत नाही. दिसणार कसा? भिंतीवर टांगलेल्या पत्त्यात दिवस नाही, रात्र नाही आणि समोर बसलेला लबाड भिडूही नाही.

मला हे खुपतं. खेळ जवळजवळ बंद पडला, खेळणारे गेले, तेव्हा कुठे पत्त्यांना कला म्हणवून घ्यायचा मान मिळाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम २०२० साली आला. त्याबद्दल सांगताना मीही राजस्थानी महाल आणि छाया-बाहुल्यांचंच वर्णन करते. उडी मारताना बोटांना काय होतं, ते सांगायला जावं तर ऐकणाऱ्याची नजर घड्याळाकडे.

तर मग कला उतारात आहे, चित्रात नाही, असं म्हणून टाकावं का? म्हणायला लागते आणि मोबाइलवरची रमी आडवी येते. तिथेही अंगण घातलेलंच होतं. पहिल्या डावाला बोनस, हरल्या हरल्या पुन्हा खेळण्याचं बटन अंगठ्याच्या बरोबर खाली, पैशांच्या जागी चकचकीत चिप्स, म्हणजे खिशातून किती गेले ते जाणवू नये. हे बेतणारा माणूस पोपइतकाच बारकाईनं बघत असणार, एक डोळा मिटून. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. दोघांचा हेतू वेगळा, हे खरं. पण माझा हात कुठे अडखळेल आणि कुठे घसरेल, याचा अंदाज दोघांनीही सारख्याच कसबानं बांधलेला असतो, आणि हेतूवरून कला ठरवायला लागलं तर राजेरजवाड्यांच्या खुशामतीसाठी काढलेली निम्मी चित्रं संग्रहालयातून उतरवावी लागतील.