चढाची वही

निपाणीहून बेळगावकडे निघालं की गाव मागे पडल्यावर महामार्ग तवंदी घाटाला लागतो. त्या चढाच्या माझ्या वेळा एका वहीत आहेत. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. संपल्या सालाच्या खतावणीतली कोरी पानं घरी यायची, तीच मी दोऱ्यानं शिवून घेतली होती.

शाळेत असताना अनवाणी पळायचो, मनगटावर वडिलांचं घड्याळ. हंगामात पहाटेच्या हवेतही तंबाखूचा उग्र दर्प असायचा, घसा खवखवायचा. घाटात पोचलं की छाती मोकळी व्हायची. पुढे देवचंद कॉलेजला गेलो. घर कर्नाटकात, कॉलेज अर्जुननगरला म्हणजे महाराष्ट्रात, त्यामुळे सराव दोन्ही राज्यांत व्हायचा. त्या वर्षांत वहीतले आकडे उतरत गेले. चाळिशीत जागेवरच राहिले. पन्नाशी ओलांडली आणि ते वाढू लागले.

सराव तसाच होता, म्हणून तर मनाला फार लागलं. आळस केला असता तर कारण तरी हाताशी असतं. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर तपासली, हृदयाचा आलेख काढला. सगळं ठीक निघालं. (ही तपासणी आधी करावीच. वेळ एकाएकी ढासळली तर वयाकडे बोट दाखवून गप्प बसू नये.)

मग उरतं ते वयच. हृदयाचे कमाल ठोके वयानुसार कमी होतात आणि सरावानं ते थांबत नाही. सरासरी अंदाज असा : 208 मधून वयाचे सात-दशांश वजा करायचे. विसाव्या वर्षी 194, पंचावन्नाव्या वर्षी 170च्या आत. स्नायूंमधले वेगाचे तंतू झिजतात, थकवा उतरायला जास्त दिवस लागतात. प्राणवायू वापरण्याची क्षमता बैठ्या माणसात दर दशकाला साधारण दहा टक्के घटते. पळत राहणाऱ्यात ही घट निम्म्यावर येऊ शकते. म्हणजे माझा सराव वाया जात नव्हता. त्याचं काम बदललं होतं. पूर्वी तो मिळवून द्यायचा, आता राखतो.

आमच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावले, एकोणिसावे आले. वेळ दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंद, आणि अंतर आजच्यापेक्षा जास्त, 42.75 किलोमीटर. लहानपणापासून हा आकडा मला पाठ आहे. ती शर्यत जिंकणारा फिनलंडचा कोलेहमायनेन चार वर्षांनी पॅरिसला मॅरेथॉन पुरी करू शकला नाही, हे मात्र फार उशिरा वाचलं. उतरत्या वर्षांबद्दल आपण बोलतच नाही. म्हणून मला कॅनडाचे एड व्हिटलॉक जवळचे वाटतात. 2004 साली त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन 2:54:48 मध्ये पूर्ण केली, 2016 साली पंच्याऐंशीव्या वर्षी 3:56:34 मध्ये. मधे तासाभराची घसरण, तरी दोन्ही वेळा तेव्हा त्या त्या वयोगटातले विश्वविक्रम ठरल्या! हा उतार लपवायचा नसतो, तोही कसोशीनं नोंदवायचा असतो, असं मला त्या दोन आकड्यांनी शिकवलं.

आता आठवड्यातले दोन दिवस पळणं बंद, जोर-बैठका. चढाचे छोटे तुकडे जोरात मारतो, मग एक दिवस पूर्ण विश्रांती. पाऊस उघडला की तवंदीची पूर्ण वेळ लावणार आहे. ती गेल्या वर्षीपेक्षा जास्तच येईल, हे धरून चाललोय. किती जास्त, ते मला मनापासून जाणून घ्यायचंय.