सहा इंची माणसाची जमीन

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पोरांना एक गोष्ट कुणी न शिकवता कळते: मावळा केवढा, त्यावर बुरूज केवढा ते ठरतं. जाणती पोरं उतारावर हळीव पेरतात, कारण गव्हाचं पातं वाढून मावळ्याला झाकून टाकतं. अ‍ॅक्शन फिगरचे फोटो काढण्याचा छंद याच हिशेबावर उभा आहे. मराठी माणसाला तो परका वाटायचं काही कारण नाही.

मातीचा मावळा एकाच पवित्र्यात उभा असतो. अ‍ॅक्शन फिगरची मान, कोपर, गुडघे, घोटे वळतात. हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये जी. आय. जो बाजारात आणला, तेव्हा तो बारा इंचांचा होता. पुढे त्याची छोटी रूपं आली आणि आपल्याकडे फनस्कूलच्या जी. आय. जोवर एक पिढी वाढली. सुरुवातीला भरपूर सांधे असलेलं सहा इंची एकच पात्र घ्यावं. दहा घेतली की ती फळीवर मांडली जातात; एकच असलं की त्याला चालवावं, वाकवावं, दमवावं लागतं. शरीराचा भार कोणत्या पायावर आहे हे दिसलं पाहिजे. तेवढं जमलं तरी निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं जमिनीचं. इथे नाशिक जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या माणसाचं नशीब थोर. गोदावरीचा काठ, पलीकडे चांदोरी, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळाची जमीन. सहा इंची पात्र म्हणजे साधारण एकास बारा प्रमाण. त्याच्यापुढे सुपारीएवढा खडा हा धोंडा असतो आणि काळ्या मातीतली वीतभर खोल भेग त्याला सहज गिळते. माती मात्र पिठाच्या चाळणीतून गाळून पसरावी. जाड वाळूचे चार कण बुटाजवळ दिसले तरी सगळा डाव उघडा पडतो.

२०१६ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या गावात कुणाला पुराचं दृश्य रचावंसं वाटलं तर ते साहजिक आहे. पण पाण्याला लहान होता येत नाही. चार मिलिमीटरचा थेंब पात्राच्या खांद्यावर बसला, की तो माणसाच्या खांद्यावर ठेवलेल्या लिंबाएवढा दिसतो. बारीक तुषार सोडणारी फवारणीची बाटली घ्यावी आणि पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळावं. थेंब ओघळत नाहीत, जागीच टिकतात. नदीचं वाहतं पाणी मागे, धूसर राहू द्यावं.

जवळच्या नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांसाठी लांबलचक लेन्स घेऊन लोक येतात. या छंदाला तसलं काही लागत नाही. साधा मोबाइल उलटा धरला की त्याची लेन्स जमिनीला टेकते, आणि कॅमेरा पात्राच्या डोळ्यांच्या खाली जातो. उभ्याने काढलेला फोटो खेळण्याचा येतो, पोटावर पडून काढलेला माणसाचा. मोठा कॅमेरा असेल तर जवळून फक्त काही मिलिमीटर भाग स्पष्ट येतो, म्हणून अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११ ठेवावं आणि फोकस डोळ्यांवर धरावा. उजेड सकाळचा उत्तम. दुपारच्या उन्हात पात्राच्या वर ट्रेसिंग पेपर ताणून धरला, की तेवढ्या जागेत ढगाळ आभाळ तयार होतं.

निर्जीव वस्तूंना कॅमेऱ्यापुढे जिवंत करण्याचा नाद नाशिक जिल्ह्याला जुना आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली. १९१३ मध्ये त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि १९१५ मध्ये नुसत्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. आज तो चित्रपट उपलब्ध नाही, ही हळहळण्यासारखीच गोष्ट आहे. अमेरिकेत छायाचित्रकार डेव्हिड लेव्हिन्थाल यांनी खेळण्यातले सैनिक घेऊन दुसऱ्या महायुद्धातली पूर्व आघाडी उभी केली. त्या फोटोंचं, व्यंगचित्रकार गॅरी ट्रूडो यांच्यासोबत केलेलं पुस्तक १९७७ मध्ये आलं. त्यातली धूसरता मुद्दाम ठेवलेली आहे, कारण तपशील हरवला की प्लास्टिकही हरवतं. नवशिक्यांनी हे फोटो जरूर पाहावेत. सगळं लख्ख दिसण्याचा हट्ट त्यामुळे सुटतो.

पहिल्या सरावासाठी घरापुढची पायरी पुरेशी आहे. ती जवळजवळ पात्राएवढीच उंच असते, म्हणजे त्याच्यासाठी ती भिंतच. दोन्ही हात काठावर, एक गुडघा वर, नजर वरच्या पायरीकडे. पाठीमागे पडू नये म्हणून कॅमेऱ्याला न दिसणारी तार. असे फोटो वेगवेगळ्या उजेडात काढून शेजारी शेजारी ठेवावेत. काम आटोपल्यावर कोरड्या मऊ ब्रशने सांधे झाडायला विसरू नये, गोदाकाठची माती फार बारीक असते.