हजेरीवही

माझ्याकडे शंभर पानांची एक वही आहे. वर तपकिरी पुठ्ठा, आत पट्टीने आखलेले चार रकाने. तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. महापालिकेच्या मराठी शाळेत छत्तीस वर्षे मुलांची हजेरी मांडली, त्यामुळे कशाचीही नोंद ठेवायची तर मला रकानेच सुचतात. ही वही २००७ सालची. त्या वर्षी मी माझ्याच रक्ताची हजेरी घेत होते, आणि दर पंधरवड्याला कोणी ना कोणी गैरहजर असे.

सुरुवात मात्र १९८८ ची. थोरलीच्या बाळंतपणात फार रक्तस्राव झाला. अब्बा रात्री बारा वाजता धावत जाऊन रक्ताच्या दोन बाटल्या घेऊन आले, म्हणून मी वाचले. पुढे अठरा-एकोणीस वर्षे काही जाणवले नाही. कधी थकवा येई, पण घर, शाळा आणि दोन मुले सांभाळणाऱ्या बाईचा थकवा कोण मोजतो? २००६ च्या अखेरीस पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनआधी तपासण्या झाल्या आणि कागदावर आले, हेपॅटायटिस सी. थोरलीची आणि धाकट्याचीही तपासणी झाली. दोघेही निर्दोष निघाले, त्या रात्री मी शुक्रान्याची नमाज पढले.

मी त्या बाटल्यांना दोष देत नाही. १९८८ साली या विषाणूला नावच नव्हते. ‘ए’ही नव्हे आणि ‘बी’ही नव्हे अशी कावीळ, एवढेच डॉक्टर म्हणत. तो ओळखला गेला १९८९ मध्ये, आणि त्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना नोबेल मिळाले ते २०२० मध्ये. जे ओळखताच येत नव्हते, ते बाटलीत कोण शोधणार? शिवाय तेव्हा पैसे घेऊन रक्त देणारे सर्रास असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १९९८ पासून ते बंद झाले. अब्बांनी आणलेले रक्त कोणाचे होते ते अब्बांनाही ठाऊक नव्हते. त्यांना मुलगी हवी होती.

घरात पहिला प्रश्न आला तो आजाराचा नव्हे, लपवण्याचा. सासूबाई म्हणाल्या, “भार किसीकू नक्को बोल. बच्चीका रिश्ता चलरा है.” त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. आमच्या मोहल्ल्यात ‘कावीळ’ म्हटले की लोक बाईच्या हातचे पाणी पिणे सोडतात. हा आजार एका थाळ्यात जेवल्याने, गळाभेटीने, वजूच्या पाण्याने होत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. दूषित सुई, न उकळलेली हत्यारे, एकाच वस्तऱ्याने अनेकांची हजामत, हे त्याचे रस्ते. हे मला डॉक्टरांनी समजावले होते. तरी मी माझा पेला वेगळा ठेवायला लागले, आणि तो वेगळा का, हे कोणाला सांगितले नाही.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी उपचार सुरू झाले. आठवड्यातून एकदा पोटावर इंटरफेरॉनची सुई आणि रोज रिबाविरिनच्या चार कॅप्सूल, चोवीस आठवडे. आपल्याकडे विषाणूचा तिसरा प्रकार जास्त आढळतो, माझाही तोच, म्हणून चोवीस. पहिल्या प्रकाराला अठ्ठेचाळीस लागत. एका सुईची किंमत माझ्या निम्म्या पगाराहून जास्त होती. फंडातून उचल घेतली, पाटल्या मोडल्या. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, “बाई, विषाणू काय करील त्यापेक्षा पुढचे सहा महिने औषध काय करते यावर आपले जास्त लक्ष राहील.” रिबाविरिन तांबड्या पेशींत साठते आणि त्या वेळेआधीच फुटतात. इंटरफेरॉन हाडांच्या मगजाला, जिथे रक्त तयार होते तिथेच, दाबून ठेवते. त्यामुळे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात. म्हणजे एका औषधाने घरातले धान्य संपायचे आणि दुसऱ्याने शेत पिकायचे थांबायचे. ही उपमा माझी, डॉक्टर इतके घरगुती बोलत नसत.

मर्यादा त्यांनी सांगितल्या आणि मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतल्या. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेले तर कॅप्सूल कमी, साडेआठच्या खाली गेले तर बंद. पांढऱ्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी ७५० च्या खाली गेल्या तर सुईचा डोस कमी. प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली तर आणखी कमी, पंचवीस हजारांच्या खाली तर सुई बंद. जाता जाता ते आणखी एक बोलले, आणि मी धरून बसले ते तेच. “पहिले बारा आठवडे डोस पुरा गेला तर बरे होण्याची शक्यता चांगली.”

सुरुवातीला हिमोग्लोबिन १२.१ होते. दुसऱ्या आठवड्यात ११, चौथ्यात १०.२. शाळेचे दोन जिने चढताना मी मधल्या कट्ट्यावर थांबू लागले. मुलांना वाटे, बाई खिडकीतून बघतात. कळले त्यांनी आपापले उपाय आणले. बीट, डाळिंब, खजूर, पायाचे सूप, कलेजी, कलौंजी, गुळ-शेंगदाणे. खजूर मी आवडीने खाल्ले, पण आकडा हलला नाही. हलणार कसा? लोहाची कमतरता नव्हतीच, पेशी फुटत होत्या. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या तर मनाच केल्या, आजारी यकृताला जास्तीचे लोह भार होते म्हणून. कावीळ उतरवणारा जडीबुटीवाला कोणी सुचवला, त्याला मात्र मी हात जोडले.

सहाव्या आठवड्यात ९.४. नियमाप्रमाणे एक कॅप्सूल कमी व्हायची. डॉक्टरांनी विचारले, “दम लागतो का? चक्कर येते?” मी म्हणाले, “नाही. काही त्रास नाही.” ते थोडे घुटमळले. त्रास नसेल तर एक आठवडा आहे तोच डोस ठेवू, लगेच पुन्हा तपासू, म्हणाले. मी हसत बाहेर आले आणि बाकावर दहा मिनिटे बसून राहिले.

हे खोटे मी का बोलले? पैशाची भीती होती, डोस कमी झाला तर सगळे वाया जाईल ही भीती होती. पण त्याखाली आणखी काही होते. लहानपणापासून ऐकत आले की सबर करणारी बाई चांगली. दुखले तरी न बोलणारी, उभ्या उभ्या जेवणारी. माझी अम्मी तशीच गेली, कोणाला काही न सांगता. मी औषधालाही सासर समजून बसले होते.

त्यात रमजान आला. त्या वर्षी रमजान आणि गणपती एका दिवसाच्या अंतराने आले. चौदा सप्टेंबरला पहिला रोजा, पंधराला गणेश चतुर्थी. मी रोजे धरले. हिशेब सोपा वाटला, दोन कॅप्सूल सहरीला, दोन इफ्तारीला. दोन्ही वेळा जेवणासोबत, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच. त्यांना मात्र विचारले नाही. ठरलेली तपासणीही ‘ईदनंतर बघू’ म्हणून टाळली. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, ते दुसऱ्या दिवसांत पुरे करता येतात, हे कुराणात स्वच्छ आहे आणि मला माहीत होते. पण सवलत घेतली की कारण सांगावे लागते. घरात पाहुणे, आणि मुलीचा रिश्ता चाललेला.

चौथ्या रोज्याला, पहाटे वजू करताना नळापाशी पडले. शुद्धीवर आले तेव्हा हे मला धरून बसले होते. “इत्ता हाफती काय कू? कब से?” या प्रश्नाचे उत्तर मला दोन महिन्यांचे द्यावे लागले.

रिक्षा मिळाली, पण मांडवांमुळे रस्ते बंद, शेवटचा टप्पा पायी. एवढ्याशा अंतरात मी तीनदा बसले. एकदा तर एका मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, थेट गणपतीसमोर, डोक्यावर ओढणी घेऊन. झाडणाऱ्या पोराने न विचारता पाण्याचा तांब्या आणून दिला. रोजा तिथेच सुटला.

हिमोग्लोबिन ७.४. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी वही मागितली, सहाव्या आठवड्याच्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “इथे ‘त्रास नाही’ असे तुम्हीच लिहिले आहे. हे कोणासाठी लिहिले, बाई?” मला उत्तर सुचले नाही. रिबाविरिन बंद झाले, आणि एक पिशवी रक्त द्यावे लागेल असे ते म्हणाले.

मी नको म्हणाले. मोठ्याने म्हणाले. ज्या वाटेने हे घरात आले, तीच वाट पुन्हा उघडायची? हे गप्प उभे होते. डॉक्टरांनी घाई केली नाही. आता प्रत्येक पिशवीची पाच तपासण्यांनंतरच सुटका होते, म्हणाले. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, गुप्तरोग, हिवताप. “जोखीम शून्य असे मी म्हणणार नाही. पण १९८८ ची आणि आजची पिशवी एक नाही. आणि आज तुमचे हृदय ७.४ वर धावते आहे, ती जोखीम माझ्या डोळ्यांसमोर आहे.”

चार तास पिशवी ठिबकत होती. मी त्यावरची चिठ्ठी वाचत होते. गट, तारीख, एक नंबर. नाव नव्हते. तो नंबर मी वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला उतरवून घेतला. दुवा करायला नाव लागत नाही, पण माझ्यासारखीला काहीतरी नोंद लागते. बाहेर ढोल वाजत होते, कोणत्या तरी मंडळाचा सराव असावा.

त्यानंतर एरिथ्रोपोएटिनची सुई सुरू झाली. मूत्रपिंड मगजाला ‘तांबड्या पेशी बनव’ असा निरोप धाडते, तोच निरोप बाहेरून. डायलिसिसच्या रुग्णांना ती पुष्कळदा देतात. तिचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. दोन आठवड्यांनी रिबाविरिन पुन्हा, पण तीनच कॅप्सूल. हिमोग्लोबिन नऊच्या पुढे गेले आणि शेवटपर्यंत दहाच्या आसपास रेंगाळले. नोव्हेंबरात न्यूट्रोफिल ६८० वर आले, तेव्हा सुई १८० मायक्रोग्रॅमवरून १३५ वर आणली. ताप आला तर लगेच फोन, असा हुकूम होता. इंटरफेरॉनचा ताप शनिवारी रात्री ठरलेला. मंगळवारी आला तर तो वेगळा समजायचा. प्लेटलेट ६२ हजारांपर्यंत उतरल्या, दात घासताना रक्त येई. मऊ ब्रश घेतला आणि अंगदुखीच्या हव्या त्या गोळ्या खाणे बंद केले. आता रकान्यांशेजारी मी पाचवा रकाना आखला होता, ‘खरे काय वाटते’. त्यात सगळे लिहिले. चिडचिड, रडू, रात्रीची जाग, केस गळणे. एकदा सासूबाईंना टाकून बोलले तेही.

त्यांनाच शेवटी मी म्हणाले, अम्मी, मी आता लपवणार नाही. मशिदीतल्या इमामसाहेबांना यांनी रोज्यांबद्दल विचारले होते. ते एवढेच म्हणाले, डॉक्टर मना करतो तर धरायचेच नाहीत, यात पुन्हा विचारायचे काय? मुलीच्या सासरच्यांना आम्ही तपासणीचे कागदच दाखवले. एक स्थळ गेले. दुसरे राहिले.

जानेवारी २००८ मध्ये शेवटची सुई झाली. जुलैत तपासणीत विषाणू सापडला नाही, म्हणजे बरी झाले. राहिलेले रोजे मी पुढच्या हिवाळ्यात, दिवस लहान असताना, एकेक करून पुरे केले.

मागच्या वर्षी कोंढव्याच्या एक ओळखीच्या बाई मुलाला घेऊन आल्या. वय तेवीस, थॅलेसेमिया, लहानपणापासून रक्त चढते. त्यालाही हेपॅटायटिस सी निघालेला. माझी हकीकत कुठूनतरी ऐकून त्या घाबरल्या होत्या. मुळात रक्त कमी, त्यात औषधाने आणखी कमी झाले तर? मी त्यांना सांगितले, माझ्या वेळचे ते औषध आता त्याला नाही. २०१५ पासून भारतातच बनलेल्या सोफोसबुवीरच्या स्वस्त गोळ्या मिळतात, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्या मोफत आहेत. इंटरफेरॉन गेले, रिबाविरिनही आता थोड्या, यकृत फारच बिघडलेल्या रोग्यांनाच जोडतात. त्याने बारा आठवडे गोळ्या घेतल्या, चौऱ्याऐंशी दिवस, त्यात एकही दिवस कामावर खाडा नाही. रक्ताच्या पिशव्या नेहमीसारख्याच लागल्या, जास्त नाहीत.

गोळ्या संपल्यावर तो एकटाच भेटायला आला. मी वही दाखवली. सुईची किंमत वाचून तो हसला. मग पुठ्ठा उलटून त्याने विचारले, “खाला, हा नंबर कोणाचा?”

“पिशवीचा.”

तो बराच वेळ बघत राहिला. “मला तर किती पिशव्या चढल्या, मोजल्या नाहीत. नंबर कधी वाचलाच नाही.” मग वही बंद करून म्हणाला, “परवा जायचंय. बघतो.”