फोटो नंबर एकशे अठ्ठ्याऐंशी

आमच्या शाखेत मोबाइल सगळ्यांकडे आहेत. कॅमेरा मात्र माझ्या एकट्याकडे आहे. एवढ्या एका गुन्ह्यासाठी गेली पंधरा वर्षं मी बँकेचा बिनपगारी फोटोग्राफर आहे. निरोप समारंभ, सत्यनारायण, नव्या लॉकरचं उद्घाटन, शिपायाच्या मुलीचं लग्न – सगळीकडे मी असतो आणि एकाही फोटोत मी नसतो. उद्या कुणी आमच्या शाखेचा इतिहास लिहायला घेतलाच, तर मी इथे नोकरी केली याचा पुरावा हजेरीपुस्तकाखेरीज कुठे सापडायचा नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत विभागीय कार्यालयातून फोन आला. मोठ्या खातेदारांसाठी रविवारी गोल्फचे सामने ठेवले होते. खुद्द साहेब खेळणार होते. मी कॅमेरा घेऊन सकाळी सहाला हजर राहायचं होतं.

"गोल्फ म्हणजे ते काठीनं माती उकरतात तेच ना?" सौ.ने विचारलं.

मी तिच्या अज्ञानाला हसलो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा कळून चुकलं होतं, की निदान आमच्या साहेबांपुरती याहून नेमकी व्याख्या करता येणार नाही.

मी बी.कॉम. माणूस. कुठलीही गोष्ट आधी आकड्यांत मांडल्याशिवाय मला समजत नाही. तेव्हा गोल्फचा ताळेबंद असा : अठरा भोकं, प्रत्येक सव्वाचार इंच रुंद, म्हणजे आमच्या घरच्या आमटीच्या वाटीएवढं. चेंडू पावणेदोन इंचांहून किंचित लहान. तो पहिल्या फटक्याच्या जागेपासून वाटीपर्यंत न्यायला कधी दीडशे, तर कधी पाचशे यार्ड चालायचं. पिशवीत काठ्या जास्तीत जास्त चौदा. एका चेंडूला चौदा काठ्या! आमच्या शाखेत सात टेबलांना मिळून दोन स्टेपलर आहेत, आणि त्यातल्या एकात पिना नसतात.

पहिल्याच फटक्याला माझी कारकीर्द संपायची होती. साहेब चेंडूपाशी उभे राहिले. गुडघे वाकवले, कंबर हलवली, पुन्हा गुडघे वाकवले. मग काठी हळूहळू मागे नेत खांद्यावर आणली. ऊन कोवळं, हिरवळीवर दव, साहेबांच्या पोटाला पडलेला तो पीळ! लग्नात मंगळसूत्राच्या क्षणी जसं बोट आपोआप दाबलं जातं तसं माझं बोट दाबलं गेलं. माझा कॅमेरा जुन्या वळणाचा. त्यातला आरसा उचलला जाताना दाराची कडी पडल्यासारखा आवाज होतो. खटॅक! साहेबांचा चेंडू सरळ जायचा तो डावीकडच्या बाभळीत गेला.

कुणी काही बोललं नाही. बँकेत कॅशमध्ये पाचशेची नोट कमी आली की जशी शांतता पसरते तशी शांतता पसरली. तेवढ्यात कुणीतरी माझं कोपर धरलं. साहेबांची पिशवी वाहणारा कॅडी होता तो. साठीच्या घरातला, काटक, उन्हानं रापलेला. सगळे त्याला मामा म्हणत.

"फोटोवाले," मामा कानात म्हणाले, "आधी चेंडू जाऊ द्यायचा. मग काय काढायचं ते काढा. आणि माणसाच्या पाठीमागं, चेंडूच्या रेषेत उभं राहायचं नाही. आपली सावलीसुद्धा त्याच्या डोळ्यात यायला नको."

मी स्वस्तात सुटलो, हे मला नंतर वाचून कळलं. २००२ साली अमेरिकेत टायगर वूड्स वाळूतून चेंडू मारत असताना एकानं असाच खटका वाजवला, तर वूड्सच्या कॅडीनं त्याचा कॅमेरा काढून घेतला आणि तळ्यात टाकला. आमच्या मामांनी माझं फक्त कोपर धरलं. हप्ते फिटायचे असलेला कॅमेरा कोरडा राहिला.

पण 'आधी चेंडू जाऊ द्या' हा नियम पाळला की फोटोंचं काय होतं, ते ऐका. चांगला बसलेला चेंडू ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे सुटतो. तुम्ही बटण दाबेपर्यंत तो गेलेला असतो. फोटोत उरतात ती माणसं, एक हात कपाळावर, तोंड उघडं, नजर आभाळात. असे मी शंभरावर फोटो काढले. एकातही चेंडू नाही. ते ओळीनं लावले तर दुष्काळी भागाची पाहणी करायला आलेलं मंत्रिमंडळ ढग शोधतंय असंच कुणालाही वाटावं. काठी चेंडूला चिकटलेली असते ती सेकंदाच्या साधारण दोन-हजाराव्या भागापुरती. तिथवर पोहोचायला हॅरॉल्ड एजर्टनसारखा इंजिनिअर लागला. १९३८ साली त्यानं एका सेकंदात शंभर वेळा लुकलुकणारा दिवा लावून गोल्फच्या फटक्याचा फोटो काढला, तो मोरानं पिसारा फुलवल्यासारखा दिसतो. माझ्याकडे दिवा नव्हता. मोर तेवढा होता.

तरी मी हळूहळू शिकलो. गोल्फचा बहुधा सर्वांत गाजलेला फोटो हाय पेस्किननं १९५० साली काढला, आणि तो बेन होगनचा पाठमोरा आहे. आदल्या वर्षी बसशी झालेल्या टकरीत होगन मरता मरता वाचला होता. फोटोत त्याचा चेहरा दिसत नाही. दिसते ती उंचावलेली काठी, बुटाचा उचललेला तळवा आणि समोर गर्दीची भिंत. म्हटलं, आपणही चेहऱ्यांचा नाद सोडून पाठी टिपाव्यात. झाडाआडून, लांबून, झूम लावून. आणि इथेच घात झाला.

चौदाव्या भोकाला साहेबांचा चेंडू पुन्हा झाडीत गेला. साहेब आणि मामा शोधायला गेले. साहेबांबरोबर खेळणारे शेठ – आमचे फार जुने ठेवीदार, धोतर नेसायचे तेव्हापासूनचे – पलीकडच्या बाजूला स्वतःचा चेंडू हुडकत होते. मी लांबून पाठमोऱ्या साहेबांवर कॅमेरा रोखला आणि बटण दाबून धरलं. काही वेळानं साहेबांचा चेंडू छान मोकळ्या जागेतून उडाला.

हिरवळीवर गेल्यावर शेठनी खिशातून कार्ड काढलं. या खेळात आपला हिशेब जोडीदार लिहितो आणि शेवटी आपण सही करतो. पंच प्रत्येकाच्या मागे फिरत नाही.

"साहेब, किती?"

"पाच."

शेठनी वर न बघता 'पाच' लिहिलं. बँकेच्या माणसानं सांगितलेला आकडा! ज्या विश्वासानं त्यांनी तीस वर्षं पासबुक भरून नेलं, त्याच विश्वासानं लिहिलं.

संध्याकाळी साहेबांना चषक मिळाला. ते शेठच्या एका फटक्यानं पुढे होते. टाळ्या वाजल्या, मी फोटो काढला. निघताना मामा जवळ आले. जरा घुटमळले.

"फोटोवाले, माझा एखादा आला असला तर द्याल का? अठ्ठावीस वर्षं झाली हितं. एक फोटो नाही."

मी 'हो' म्हणालो आणि घरी येऊन शोधायला बसलो. काय सांगू? मामांचा हात होता झेंड्याच्या काठीवर, पाय होते साहेबांच्या मागे, अर्धी टोपी होती. चौकटीतून त्यांना मीच बाहेर काढलं होतं. पंधरा वर्षं फोटोत न येणाऱ्या माणसानं दुसऱ्याला तेवढ्याच सफाईनं कापावं, याची लाज वाटली. आणि मग एकशे अठ्ठ्याऐंशी नंबर आला. अख्खे मामा! डोक्यापासून पायापर्यंत, खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर झाडातून आलेलं ऊन. हनुवटी वर करून ते आभाळाकडे बघत होते.

आणि खाली, कोपऱ्यात, साहेबांचा बूट होता. बुटाशी चेंडू होता. एकशे सत्त्याऐंशीत चेंडू मुळांच्या बेचक्यात, एकशे अठ्ठ्याऐंशीत बुटाला टेकलेला, एकशे एकोणनव्वदात वीतभर अलीकडे, मोकळ्या गवतात.

सौ.ला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, पुसून टाका. आपल्याला काय करायचंय? तुमची बदली कुठं करतील नेम नाही. ओंकारचं दहावीचं वर्ष आहे."

मुद्दा बिनतोड होता. पण वीस वर्षं मी कॅशमध्ये बसलोय. दहा रुपये लागेनात म्हणून रात्री आठपर्यंत व्हाउचरं उलटीपालटी केली आहेत. शाखेत एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं, हा आमचा धर्म. इथे लिहिणारा शेठ होता. तपासणारा म्हणजे मी एकटा, तोही चुकून. शिवाय मी त्या रात्री आणखी एक गोष्ट वाचली होती. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू गवतात त्याच्याकडून जरासा हलला. कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतःच एक फटका दंड लावून घेतला, त्यामुळे बरोबरी झाली आणि जादा डावात तो हरला. लोक कौतुक करू लागले, तर तो म्हणाला म्हणे, की बँक लुटली नाही म्हणून माणसाचं कौतुक करण्यासारखंच आहे हे. आता सांगा, एवढ्या मोठ्या माणसानं दाखला द्यावा तोही नेमका बँकेचा! मग बँकेतल्या कारकुनानं झोपावं कसं?

तरी मी शूर नाही. मी अर्ज केला नाही, शेठना फोन केला नाही. सगळे फोटो पेनड्राइव्हवर क्रमानं घातले, एकही न वगळता, आणि साहेबांकडे पाठवून दिले. नोंद करायची, शेरा मारायचा नाही. सौ. म्हणाली, "तुमचं धाडस म्हणजे तीन फोटो ओळीनं ठेवणं!" पण पुढचे आठ दिवस टेबलावरचा फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येई, आणि रात्री मी नकाशात आमच्या दूरदूरच्या शाखा शोधत असे.

नवव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. चषक कपाटावर नव्हता.

"फोटो पाहिले," ते म्हणाले. कागदं सारखी केली. "चेंडू शोधताना पाय लागला तर २०१९ पासून दंड नाही, माहीत आहे?"

"हो साहेब."

"पण तो परत जागेवर ठेवावा लागतो." बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. "भलत्या जागेवरून मारला, तर दोन फटके. पाचाचे सात. शेठकडे चषक पाठवलाय. मोजणीत चूक झाली म्हणून सांगितलं."

मी गप्प. 'पाय लागला' की 'लावला', हे विचारण्याचा अधिकार कारकुनाला नसतो. आणि खरं सांगायचं तर माणसानं चुकीची नोंद स्वतःच्या हातानं उलटवली की तपासणाऱ्यानं बरोबरची खूण करावी आणि पान उलटावं.

"पुढच्या वर्षी," साहेब म्हणाले, "फोटो मोबाइलवरच काढू. तुम्हाला कशाला त्रास?"

तेवढी शिक्षा मला मिळाली. बदली झाली नाही.

पुढच्या रविवारी एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरचा मोठा प्रिंट काढून मामांना नेऊन दिला. खालची तीन बोटं पट्टी मी आधीच कापली होती. मामांनी फोटो दोन्ही हातांत धरला. बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले.

"मामा, तुम्ही तेव्हा वर काय बघत होता हो?"

"बगळा होता."

फोटोत बगळा नाही. मी पुन्हा विचारलं नाही. मामांनी फोटोच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हितनं काहीतरी कापलंय."

"हो. बूट होता."

"बरं केलंत," मामा म्हणाले. "बूट कशाला घरात!"