दुसरी प्रत

सरकारी नोकरीत नव्याने रुजू झालेल्या माणसाला ज्या गोष्टींचे मुळीच अप्रूप वाटत नाही, त्यांत सेवापुस्तिकेचा क्रमांक बराच वरचा असावा. नेमणूक, वेतनवाढ, रजा, बदली, नामनिर्देशन अशा रूक्ष नोंदींनी भरलेले हे पुस्तक निवृत्तीच्या आदल्या वर्षापर्यंत सहसा कुणी उघडून पाहत नाही. पण त्याविषयीचा नियम मात्र वाचण्यासारखा आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार सेवापुस्तिकेच्या दोन प्रती ठेवाव्या लागतात. पहिली कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात राहते, दुसरी कर्मचाऱ्याकडे दिली जाते. दरवर्षी जानेवारीत कर्मचाऱ्याने आपली प्रत कार्यालयाकडे द्यायची आणि कार्यालयाने नव्या नोंदी करून ती तीस दिवसांत परत करायची. काही मंत्रालयांत आता ही पुस्तिका संगणकावर गेली आहे आणि जिथे ती कागदावर आहे तिथेही जानेवारीचा हा रिवाज सर्वत्र पाळला जातो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु नियम करणाऱ्याने विचार नेमका केला होता. प्रती दोन हव्यात, त्या दोन निरनिराळ्या हातांत हव्यात, आणि वर्षातून एकदा त्या पडताळून पाहायला हव्यात.

हे सारे आठवण्याचे कारण खिशातला फोन. गेल्या दीड दशकात आपल्या आयुष्याची सेवापुस्तिका आपल्याही नकळत त्यात जाऊन बसली. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवताना पूर्वी एक लोखंडी ट्रंक अशी असे की जी सामानाच्या ट्रकमध्ये कधी चढवली जात नसे, ती आपल्यासोबत प्रवास करी. प्रमाणपत्रे, पत्रे, फोटोंचे अल्बम, गावच्या जमिनीचा सातबारा असे सगळे तिच्यात असायचे. ती ट्रंक आता दोनशे ग्रॅम वजनाची झाली आहे. ती हरवली तर काय, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: "सगळे क्लाउडवर आहे."

या 'सगळे' शब्दाची जरा चौकशी केली पाहिजे. अँड्रॉइड फोनचा बॅकअप म्हणजे एकच एक व्यवस्था नव्हे. संपर्क, कॉलची यादी, संदेश, सेटिंग्ज हे एका वाटेने जातात, फोटो दुसऱ्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणे तिसऱ्या. प्रत्येक वाटेचे बटण वेगळे आहे आणि ते सुरू आहे की नाही हे ज्याचे त्याने पाहायचे. डाउनलोडच्या कप्प्यातले कागद आणि स्वतः केलेली ध्वनिमुद्रणे अनेक फोनांत या तिन्ही वाटांच्या बाहेरच राहतात. पुन्हा जागेचा प्रश्न आहे. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते, पण ती टपाल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. १ जून २०२१ पर्यंत थोडे आकसलेले फोटो कितीही ठेवता येत. ती सवलत त्या दिवशी संपली. व्हॉट्सअ‍ॅपचा अँड्रॉइडवरील बॅकअपही २०२४ पासून याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. आयफोनवाल्यांना विनामूल्य मिळतात ते ५ जीबीच. जागा भरली की नवे फोटो वर जाणे थांबते. तशी सूचना येते खरी, पण दिवसाला शंभर सूचना दडपण्याची सवय झालेले आपले बोट तीही दडपते.

दुसरा घोटाळा समक्रमण आणि बॅकअप यांतील. समक्रमणात फोन आणि क्लाउड हे एकमेकांचे आरसे असतात. फोनमधला फोटो पुसला की क्लाउडवरचाही पुसला जातो. गूगल फोटोजमध्ये अशी पुसलेली वस्तू ६० दिवस कचरापेटीत राहते, आयक्लाउडमध्ये साधारण ३० दिवस, आणि मग कायमची जाते. आरशातले प्रतिबिंब ही दुसरी प्रत नव्हे. शिवाय ठेवीला मुदतही असते. अँड्रॉइड फोन ५७ दिवस वापरला नाही तर त्याचा बॅकअप काढून टाकला जाऊ शकतो. आयक्लाउडचा बॅकअप बंद केल्यास जुनी प्रत १८० दिवस राहते. दोन वर्षे न उघडलेले खाते आतल्या ऐवजासह बंद करण्याचा अधिकारही गूगलने डिसेंबर २०२३ पासून वापरायला घेतला आहे.

कुणी म्हणेल, हे सामान्य माणसाचे झाले. सरकारांना तरी हे कळत असेल. दक्षिण कोरियातील देजॉन येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी जे घडले ते अशा वाचकाने अवश्य समजून घ्यावे. तेथील राष्ट्रीय विदाकेंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारी नोकरांसाठीची 'जी-ड्राइव्ह' ही साठवणूक-व्यवस्था जळून गेली. तिच्यात ८५८ टेराबाइट इतकी कामाची सामग्री होती. दुसरीकडे प्रत नव्हती, कारण एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर प्रत ठेवण्याची सोय केलेलीच नव्हती. सर्वाधिक झळ बसली ती तेथील कार्मिक मंत्रालयाला, कारण सर्व कागद जी-ड्राइव्हमध्येच ठेवावेत, या नियमाचे पालन तेथे काटेकोरपणे होत असे. औपचारिक मंजुरीची कागदपत्रे वेगळ्या प्रणालीतही असल्याने ती वाचली. नियम पाळणाऱ्यांचे नुकसान झाले आणि जे वाचले ते दुसऱ्या हातात असल्यामुळे वाचले, हा त्या आगीचा धडा मला महत्त्वाचा वाटतो. क्लाउड म्हणजे आकाश नव्हे. कुठल्या तरी गावातली, भिंती आणि वीजजोडणी असलेली ती इमारतच असते.

इमारत शाबूत असूनही वस्तू हाती येऊ नये, असेही होते. पूर्वेकडील एका राज्यात असताना माझा एक सहकारी हृदयविकाराने अचानक गेला. मूळचा विदर्भातला, कागदपत्रांच्या बाबतीत अतिशय व्यवस्थित. त्याची सेवापुस्तिका पूर्ण होती, नामनिर्देशने भरलेली होती. कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण काही आठवड्यांत मार्गी लागले. फोन मात्र रुग्णालयाच्या धावपळीत कुठे गेला तो गेलाच. रजेवर गावी गेला की तो आईला बोलते करी आणि तिच्या आठवणी फोनवर ध्वनिमुद्रित करी, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. आई त्याच्या दोन वर्षे आधी वारली होती. खात्याचा परवलीचा शब्द घरात कुणाला माहीत नव्हता. सिमकार्ड त्याच्या नावावर, त्यामुळे वारसाची कागदपत्रे सादर करून क्रमांक मिळवण्यात दिवस गेले. तो मिळाल्यावर खात्याने विनंती केली की जुन्या फोनवर आलेल्या सूचनेला होकार द्यावा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप त्याने कूटबद्ध केला होता. ही सोय २०२१ मध्ये आली. तिची किल्ली म्हणजे आपण ठरवलेला परवलीचा शब्द किंवा ६४ अंकी संख्या, आणि ती नसेल तर सेवा देणाऱ्या कंपनीलाही कुलूप उघडता येत नाही. त्याने जे केले ते सुरक्षेच्या दृष्टीने अगदी योग्यच होते. बंगळुरूहून आलेला मुलगा पंधरा दिवस खटपट करून परत गेला. नंतर भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सरकारी कागद सगळे सापडले. घरचेच तेवढे सापडले नाहीत."

ती ध्वनिमुद्रणे क्लाउडवर होती की नाही, हेही आजवर कुणाला कळलेले नाही.

माणूस हयात असतानाही ही अडचण उद्भवते. फोन चोरीला गेला की आपण दुसरे सिमकार्ड घेतो. पण दूरसंचार विभागाच्या २०२२ मधील आदेशाप्रमाणे सिम बदलल्यानंतर २४ तास लघुसंदेश बंद ठेवले जातात. फसवणूक टाळण्यासाठी ते आवश्यकच आहे. मात्र ज्याच्या सर्व किल्ल्या लघुसंदेशाने येणाऱ्या ओटीपीवरच अवलंबून आहेत, त्याला परमुलखात तो एक दिवस फार मोठा वाटतो. यासाठीच गूगल आठ अंकी दहा राखीव संकेतांक देते. ते कागदावर लिहून फोनपासून दूर ठेवायचे असतात. त्यांचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवणारे सज्जन मी पाहिले आहेत.

सरकारी सेवेतील वाचकांसाठी एक वेगळी सूचना. चर्चेसाठी फायलीच्या पानाचा फोटो काढण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. तो फोटो नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोंसोबत आपोआप खासगी क्लाउडवर जातो, याचे भान फारसे कुणाला नसते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जून २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनी सरकारी सामग्री बिगरसरकारी क्लाउडवर ठेवण्यास मनाई केली आहे, आणि १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा तर सरकारी अभिलेख पूर्वपरवानगीशिवाय देशाबाहेर नेण्यासच प्रतिबंध करतो. घरच्या वस्तूंची प्रत हवी तितकी काढावी. कचेरीच्या वस्तूंची जागा कचेरीतच.

मग करावे काय? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात विम्याचा प्रश्न दिसतो. हप्ता आज भरायचा, लाभ अनिश्चित भविष्यात, म्हणून आपण टाळाटाळ करतो. आणि जो हप्ता विनामूल्य आहे त्याच्या अटी वाचण्याचा त्रासही घेत नाही. विमा खरा की खोटा हे दाव्याच्या दिवशी कळते. बॅकअपच्या बाबतीत मात्र तो दिवस आधीच उगवता करण्याची सोय आहे, आणि ती आपण वापरत नाही.

सचिवालयात फायलींचे वर्ग पाडतात. कायम जपायच्या व ज्यांची सूक्ष्मचित्रफीत काढायची त्या 'ए', कायम पण तशा प्रतीविना जपायच्या त्या 'बी', मुदतीपुरत्या त्या 'सी'. फोनमधील ऐवजाचेही असेच करावे. 'शुभ सकाळ'ची चित्रे 'सी' वर्गालाही लायक नाहीत. ती काढून टाकली तर १५ जीबी पुष्कळ पुरतात. सरकारी प्रमाणपत्रांची चिंता डिजिलॉकरवर सोपवावी. तेथे संबंधित विभागाने जारी केलेली कागदपत्रे मूळ कागदांच्या बरोबरीची मानली जातात. राहतो तो घरचा 'ए' वर्ग: माणसांचे आवाज, चेहरे, हस्ताक्षरे. त्याची एक प्रत क्लाउडवर आणि दुसरी एखाद्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या गावी, भावाच्या किंवा मुलीच्या घरी असावी.

किल्लीचीही दुसरी प्रत हवी. गूगलच्या खात्यात निष्क्रियतेनंतर सामग्री कुणाला मिळावी हे नोंदवता येते. ही सोय २०१३ पासून आहे. अ‍ॅपलने डिसेंबर २०२१ मध्ये वारस-संपर्काची सोय दिली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही नामनिर्देशनाचा हक्क मान्य केला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. कायदा पूर्णपणे लागू होईपर्यंत एक बंद पाकीट आणि त्यावर जोडीदाराचे नाव एवढे पुरेसे आहे.

आणि मग जानेवारी. वर्षातून एक रविवार यासाठी राखून ठेवावा. हातातला फोन कोरा करण्याचे धाडस करू नये. घरात पडलेला एखादा जुना फोन घ्यावा, तो कोरा करावा, आणि मूळ फोन बंद ठेवून केवळ पाकिटातल्या कागदाच्या आधारे खाते उघडावे. गेल्या वर्षीचा एक फोटो, एक ध्वनिमुद्रण आणि एक दूरध्वनी क्रमांक परत आणून दाखवावा. हे काम आपण स्वतः करू नये. ते पत्नीला, पतीला किंवा मुलांना करू द्यावे आणि आपण शेजारी गप्प बसावे. त्यांना जमले, तर दुसरी प्रत आहे असे समजण्यास हरकत नाही.