धारवाडचे वानर आणि माझी आजी

माझी आजी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरामागे फणस, त्यामागे जंगल. वानरांची टोळी कौलांवर आली की आजी काठी घेऊन ओरडते, आधी कोकणीत, मग मराठीत, शेवटी कन्नडमध्ये. वानर तिन्ही भाषांकडे सारखंच दुर्लक्ष करतात. सीमाभागात इतकं निःपक्षपाती मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

गेल्या नाताळच्या सुट्टीत टोळीतला जुना हुप्प्या दिसेना. त्याच्या जागी कान फाटलेला एक तरुण नर बसला होता. तिसऱ्या दिवशी एक वानरीण पिल्लू पोटाशी धरून कुंपणावर आली. पिल्लाची मान लोंबत होती.

"ह्या नव्यानंच मारलं गे. मेला हेरोद!" आजी म्हणाली. दुसऱ्याच दिवशी 28 डिसेंबर होता. हेरोदानं मारलेल्या बाळांची आठवण चर्चमध्ये करतात तो दिवस.

मला ते खरं वाटेना. रात्री मोबाईलवर शोधत बसले, तर उत्तर आमच्या शेजारीच निघालं. युकिमारू सुगियामा नावाचे जपानी संशोधक 1961 ते 1963 या काळात धारवाडजवळच्या जंगलात वानरांचा अभ्यास करत होते. धारवाड! बेळगावहून बसनं दोन तास. 1962 साली त्यांच्यासमोर बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला केला, जुन्या हुप्प्याला हाकललं, आणि त्यांच्यातल्या एकानं टोळी ताब्यात घेऊन पिल्लांना चावून मारलं. पुष्कळ अभ्यासकांना ही विकृती वाटली, गर्दीमुळे बिघडलेली. मग अमेरिकेच्या सारा हर्डी माउंट अबूला आल्या. 1977 च्या पुस्तकात त्यांनी म्हटलं की यामागे हिशेब आहे. अंगावर पाजणारी वानरीण लवकर माजावर येत नाही. पिल्लू गेलं की येते. हुप्प्याची सत्ता टिकते सरासरी दोन-सव्वादोन वर्षं. दुसऱ्याचं पिल्लू मोठं होईपर्यंत थांबायला त्याला वेळ नसतो.

सकाळी मी हे सगळं आजीला ऐकवलं. "ही स्ट्रॅटेजी असते आजी, पाप नव्हे." नवा शब्द हातात आला की मी जरा जास्तच वापरते.

आजी नारळ खवत होती. "ते नराचं झालं. आईचं काय लिवलंय?"

आईचंही होतं, मीच भरभर पुढे गेले होते. वानरांत मुली जन्मभर आपल्याच टोळीत राहतात, बाहेर जातात ते मुलगे. त्यामुळे टोळीतल्या बायका म्हणजे आया, मावश्या, आज्या. जन्मलेलं काळं पिल्लू काही तासांत या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं. चिंपांझींचं उलट असतं. तिथं मुलगे घरी राहतात, वयात आलेल्या मुली बहुधा दुसरीकडे जातात, आणि आई तान्ह्या पिल्लाला सहसा कुणाच्या हाती देत नाही. अबूच्या टोळीत सोल नावाची म्हातारी वानरीण होती. तिला स्वतःला आता पिल्लं होत नव्हती, तरी दुसरीचं पिल्लू वाचवायला ती त्या धिप्पाड नरावर धावून जायची.

"काठी नसंल तिच्याकडे," आजी म्हणाली.

सुगियामा पुढे आफ्रिकेत गेले. 1976 पासून त्यांनी गिनीतल्या बोसू गावाजवळचे चिंपांझी पाहिले, दगडानं कठीण कवचाची फळं फोडणारे. तिथंच 1992 साली जिरे नावाच्या मादीचं अडीच वर्षांचं पिल्लू आजारानं गेलं. ते वाळून कोळ झालं तरी ती त्याला पाठीवर घेऊन फिरत होती, निदान 27 दिवस. माश्या हाकलत होती.

खवणीचा आवाज थांबला. माझ्या बाबांच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता, एवढंच मला माहीत होतं. आजी म्हणाली, "तापानं फणफणला होता. बेळगावला नेताना बसमध्येच गेला. शेजारची बाई म्हणाली, झोपलं काय बाळ? मी म्हटलं, होय. सांगितलं असतं तर खाली उतरवलं असतं. परतीच्या बसमध्येही कुणाच्या हातात दिलं नाही. तुझे आजोबा मागत होते, तरी दिलं नाही."

दुपारी टोळी परत आली. ती वानरीणही होती, पिल्लू तसंच हाताशी धरून. दोन कौलं फुटली. आजी बाहेर आली, वर बघत उभी राहिली, आणि ओरडली नाही.