साक्ष आणि न्यायासन

न्यायमंदिराचें नांव काढलें कीं सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें न्यायाधीशाची उंच खुर्ची उभी राहते. आमच्या मतें त्या मंदिराचा खरा पाया साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत असतो. ज्याला तेथें उभें राहून बोलण्याचाच अधिकार नाहीं, त्याच्या दृष्टीनें खुर्चीवरील गृहस्थ कितीहि सज्जन असला तरी तो असून नसल्यासारखाच. मिफ्लिन विस्टर गिब्ज या कृष्णवर्णी अमेरिकन गृहस्थाच्या चरित्रांत ही गोष्ट आम्हांस विशेष स्पष्टपणें दिसली.

गिब्ज यांचा जन्म १८२३ सालीं फिलाडेल्फिया येथें झाला. वडील लवकर वारल्यामुळें त्यांना सुतारकाम शिकून पोट भरावें लागलें. १८५० मध्यें सोन्याच्या ओढीनें लोटलेल्या गर्दीबरोबर ते सॅन फ्रॅन्सिस्कोस पोंचले. तेथील गोऱ्या सुतारांनीं त्यांच्या जोडीनें काम करण्याचें नाकारलें, तेव्हां त्यांनीं लोकांच्या बुटांना पॉलिश करण्यास कमीपणा मानला नाहीं. आणि थोड्याच काळांत पीटर लेस्टर यांच्या भागींत बुटांचें नामांकित दुकान थाटलें. एकदां एका गोऱ्या गिऱ्हाइकानें त्या दुकानांतच लेस्टर यांना मारहाण केली. फिर्याद करावी, तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष अग्राह्य! ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याचाच शब्द ऐकण्यास कोर्ट तयार नव्हतें.

या कायद्याविरुद्ध गिब्ज व त्यांचे सोबती यांनीं निषेध केले, परिषदा भरविल्या, वृत्तपत्र चालविलें. १८५७ सालीं या भागीदारांनीं डोईपट्टी भरण्याचें नाकारलें; मताचा अधिकार नाहीं तेथें कर कसला, हा त्यांचा सरळ सवाल होता. सरकारनें माल जप्त करून लिलावास काढला, पण बोली करण्यास कोणीच पुढें येईना, आणि माल मुकाट्यानें दुकानांत परत आला.

१८५८ मध्यें कॅलिफोर्नियांतील शेंकडों कृष्णवर्णी लोकांनीं देश सोडून ब्रिटिश अंमलाखालील व्हिक्टोरिया शहर गांठलें. त्यांत गिब्जहि होते. परदेशांतील हें जीवन अगदींच निष्कंटक नव्हतें. तेथेंहि नाटकगृहांत त्यांच्या अंगावर पीठ फेकणारे निघाले. तथापि व्यापारांत त्यांचा जम बसला, १८६६ सालीं ते नगरसभेवर निवडून आले, आणि एका इंग्रज बॅरिस्टराजवळ कायद्याचे पहिले धडेहि त्यांनीं तेथेंच घेतले. अमेरिकेंतील यादवी संपून गुलामगिरी नष्ट झाल्यावर ते मायदेशीं परतले, ओबर्लिन येथें त्यांनीं कायद्याचा अभ्यास पुरा केला, आणि आर्कान्सा संस्थानांतील लिटल रॉक येथें वकिली मांडली. १८७३ मध्यें त्या शहराच्या मतदारांनीं त्यांना नगर-न्यायाधीश निवडलें. अमेरिकेंत असें पद निवडणुकीनें मिळविणारे ते पहिलेच कृष्णवर्णी गृहस्थ होत. त्या वेळीं त्यांचें वय पन्नास होतें. पन्नाशी उलटली कीं पेन्शनीचा हिशेब मांडूं लागणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१८७३ हें साल आम्हां मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. महात्मा फुले यांचें 'गुलामगिरी' त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें, आणि गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस तें अर्पण केलेलें आहे. पुण्यांत कृतज्ञतेचे हे शब्द छापले जात असतां तिकडे त्या मुक्तीचें एक फळ प्रत्यक्ष न्यायासनावर बसलें होतें, हा योग आम्हांस मोठा हृद्य वाटतो.

परंतु वारा लवकरच फिरला. १८७४ मध्यें आर्कान्सांतील सत्ता जुन्या पक्षाच्या हातीं गेली, आणि शतक संपण्यापूर्वीं दक्षिणेंतील कृष्णवर्णीयांचे मताधिकार एकामागून एक हिरावले गेले. गिब्ज स्वतः पुढें १८९७ ते १९०१ पर्यंत मादागास्करमध्यें अमेरिकेचे वकील होते, आणि १९१५ सालीं वारले. त्यांच्या उत्कर्षानें त्यांच्या बांधवांचे हक्क सुरक्षित झाले नाहींत, हें मान्य केलेंच पाहिजे.

मग या चरित्राचें मोल कशांत? 'पहिला न्यायाधीश' या बिरुदावर लुब्ध होणाऱ्यांस आमचें सांगणें असें, कीं कॅलिफोर्नियांतील तो साक्षीचा कायदा १८६३ सालीं रद्द झाला, तेव्हां गिब्ज परदेशांत होते. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं केलेल्या अर्जांचें फळ मागें राहिलेल्या अनामिकांच्या पदरीं पडलें. खुर्ची एकट्या गिब्ज यांस मिळाली. बोलण्याचा अधिकार हजारोंस मिळाला. या दोहोंत थोर कोणतें, याचा निवाडा आम्ही वाचकांवर सोंपवितों. आमचें मत त्यांनीं ओळखलेंच असेल.